एकादशीची कणीक

एकादशीच्या रात्री आमच्या गावात चक्री भजन असतं. हिंगोली जिल्ह्यात, नर्सीच्या अलीकडं आमचं गाव. नर्सी म्हणजे संत नामदेवांची, कयाधूच्या काठावरची. त्यामुळं इकडच्या कुठल्याही गावात शिरा, पंचायतीला कुलूप असंल, पण देवळातल्या खुंटीला टाळ टांगलेले दिसणारच.

चक्री भजन म्हणजे गोल बसायचं आणि पाळीपाळीनं म्हणायचं. कोण काय म्हणणार ते आधी ठरलेलं नसतं. आमची रीत अशी, की एकानं रूपाचा अभंग उचलला तर शेजारच्यानं रूपाचाच दुसरा काढायचा. नामाचा निघाला तर नामाचा. ज्याला आठवला नाही त्यानं हात जोडून पुढच्याकडं पाहायचं. चालही ज्याची त्यानं आणायची. कुणी आजोबाची जुनी लावायचा, कुणी परभणी आकाशवाणीवर सकाळी ऐकलेली, आणि आमचा एक चुलतभाऊ तर बिनधास्त सिनेमातली. पेटीवाले तात्या मान वाकडी करून ज्याचा त्याचा सूर शोधत बसायचे. दिवसभर कापूस वेचून, हळदीला पाणी देऊन आलेली माणसं ही. कुणी इतक्या वर सुरू करायचा की कडव्यात अडकायचा, कुणी इतक्या खाली की टाळांत ऐकूच यायचा नाही.

या सगळ्यांना एका दोरीत धरायचं काम मृदंगाचं. आमचा मृदंग शिंपी मामा वाजवायचे. ओसरीवर मशीन, मशीनच्या मागं भिंतीला मृदंग. मृदंगाच्या उजव्या तोंडावरची शाई कायमची असते, पण डाव्या तोंडाला दर बैठकीला ओली कणीक थापावी लागते. तिच्याबिगर घुमारा येत नाही. भजन झालं की ती खरवडून काढायची. आता एकादशीला गावभर उपास, घराघरात साबुदाणा नाहीतर भगर. कणीक मळलेली मिळणार कुठं? मामा आपल्याच घरी मूठभर पीठ भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचे. टाळ कुठला घ्यायचा यावरून आम्ही भांडायचो, पण कणकेचा विचार आमच्यापैकी कुणी कधी केला नव्हता.

एका पावसाळ्यात मामांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला.

त्यानंतरच्या दोन-तीन एकादश्या आम्ही नुसत्या टाळांवर काढल्या. नुसत्या टाळांचं एक असतं, ते पळतात. पहिला अभंग संथ, दुसरा जरा उडता, तिसऱ्याला शर्यत. मग पोरांनी बॉक्स आणला, पेन ड्राइव्ह लावला. मोठ्या गायकाचे अभंग, गोड आवाज, सगळं जिथल्या तिथं. माणसं मांडी घालून ऐकत बसली, आणि दहाच्या आत एकेक करून उठली. ऐकायलाच यायचं तर घरी खाटेवर पडून ऐकावं की. पुढच्या एकादशीला आम्ही आठजण होतो.

मामांनीच एक दिवस मला बोलावून घेतलं. बोलणं जड झालेलं. म्हणले, "वाड्यातलं ते ढोलकीवालं पोरगं हाय ना, त्याला आणा. मी पडल्या पडल्या ऐकायलोय. हात चांगला हाय त्याचा."

बौद्धवाड्यातला तो पोरगा त्याच्या चुलत्याच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा. चौदा एप्रिलच्या रात्री तिकडं भीमगीतं रंगली की इकडच्या ओसऱ्यांवरची बोटंही आपोआप हलायची. पण बोटं हलणं वेगळं. मंडळात विषय निघाला तसे काहीजण गप्प झाले. एकजण म्हणला, "बाहेरगावचा मृदंगवाला आणू, पैसे देऊ." वाड्यातही काही हार घेऊन कुणी उभं नव्हतं. पोराची आजी म्हणली, "आमच्या म्हाताऱ्याला त्या पायरीवर चढू दिलं न्हाई. आता वाजवायला कुणी न्हाई म्हणून आठवण झाली व्हय?" तिला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पोरगा मात्र विचार करून म्हणला, "वाजवीन मी. पाया पडणार नाही, टिळा लावणार नाही. चालंल का?"

वीणेकरी आबा रात्रभर येरझाऱ्या घालणारा माणूस, बोलणं कमी. ते म्हणले, "औंढ्याला नामदेवाला देवळामागं जा म्हणले होते. पुढं काय झालं ते तुम्हीच कीर्तनात सांगता." औंढा नागनाथाचं देऊळ नामदेवांकडं फिरल्याची कथा आमच्याकडं लेकराला पाठ असते. ह्याच नामदेवांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यांच्यापायी पंजाबातल्या घुमानला 2015 साली मराठी साहित्य संमेलनही भरलं. कयाधूकाठचं गाणं तिथवर गेलं, आणि आमच्या गावात त्याला देवळापासून वाड्यापर्यंतची दोनशे पावलं जड झाली होती.

शेवटी तोड निघाली ती अशी, की भजन देवळासमोरच्या लिंबाच्या पारावर बसवायचं. तिथं कुणी कुणाच्या पाया पडायचा प्रश्न नाही. आमचं देऊळ काही फिरलं नाही, भजनच बाहेर आलं.

पहिल्या रात्री मामांना खुर्चीवर उचलून आणलं. भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि पोराच्या हातातला केरवाही आठचाच. पण वजन निराळं. ढोलकीत बोटं मोकळी जागा भरून काढतात, मृदंगाला उघड्या पंजाची थाप लागते आणि गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते. पोरगा भरत गेला तसे गाणारे चेंगरायला लागले. मामांनी खूण करून मृदंग आपल्या बाजूला सरकवून घेतला. त्यांचा डावा हात शाबूत होता. डाव्या तोंडावर ते घुमारा द्यायला लागले आणि उजवं तोंड पोराकडं. एका मृदंगावर दोघांचे दोन हात. दोन आवर्तनं चाचपडण्यात गेली, तिसऱ्याला सम एकत्र पडली. तात्यांनी डोळे उघडून एकदा पाहिलं आणि परत मिटले. त्या रात्री चक्र तीनदा फिरलं. चुलतभावानं सिनेमाची चाल लावली, तिथं पोराची ढोलकी मृदंगातून उसळली, आणि आबांनीही मान हलवली.

सगळं गाव आलं असं नाही. तिघांनी टाळ खाली ठेवले ते अजून उचललेले नाहीत. पोराची आजीही पाराकडं कधी आली नाही.

मामा त्याच्या पुढच्या वर्षी गेले. आता डावा-उजवा दोन्ही हात पोराचेच. बैठकीआधी तो खिशातून ओलं फडकं काढतो. त्याच्या घरी एकादशी नसते, त्यामुळं कणीक रोजच्यासारखी मळलेली असते. तो गोळा थापतो, अंगठ्यानं कडा दाबतो, एक थाप मारून ऐकतो. कधी पाणी जास्त झालं तर पारावरचं कुणीतरी म्हणतं, "म्हातारीला सांग, जरा घट्ट मळ म्हणावं." तो हसून म्हणतो, "ती म्हणती, घट्ट पायजे तर तुम्हीच मळा."