देठासकट

आढी उघडताना मी आधी वास घेते. पेंढ्याचा वरचा थर बाजूला सारला की पिकायला लागलेल्या आंब्यांचा गोड, ऊबदार वास अंगावर येतो. एखाददुसरा आंबा सडलेला असेल, तर त्या गोडव्यात आंबूसपणा लगेच कळतो, मग तो कुठल्या थरात आहे ते हात शोधून काढतो. आंबा उचलला की मी देठाकडे बघते. देठापासून खाली काळा ओघळ उतरला असेल, तर आठ दिवसांपूर्वी झाडावर काय घडलं होतं हे मला कोणी सांगावं लागत नाही.

पावसच्या पुढे कातळावर आमची हापूसची बाग आहे. जुनी कलमं आजेसासऱ्यांच्या हातची. पुढची मामंजींनी १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा लावली. कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरून माती आणून भरून, दहा-दहा मीटरवर. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी आढी माझ्या हाती दिली. आमच्याकडे झाडावरचं काम पुरुषांचं आणि पेंढ्यातलं बायकांचं, अशी वाटणी पूर्वीपासून आहे. त्यामुळे झाडावर झालेली चूक सगळ्यांत आधी आम्हा बायकांना कळते.

चूक बहुतेक वेळा एकच असते. आंबा ओढलेला असतो. ओढला की देठ मुळाशी तुटतो आणि चीक भसकन बाहेर येतो. तो माणसाच्या ओठाला लागला तर ओठ उततात, मग आंब्याची साल काय टिकणार? जिथून ओघळ गेला तिथली साल करपते, आणि देठाच्या उघड्या जागेतून कूज आत शिरते. बोटाच्या दोन पेरांएवढा देठ ठेवून आंबा कापला तर यातलं काही होत नाही. तो बिनडागी पिकतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने केलेला नूतन झेला याच कामासाठी आहे. लांब काठीच्या टोकाला पातं आणि खाली जाळी. देठ पात्यात धरून हलका झटका दिला की आंबा देठासकट जाळीत येतो. आमच्याकडे बांबूचे साधे झेलेही आहेत, पण नवख्या माणसाच्या हाती मी नूतनच देते.

कसा उतरवायचा हे चार दिवसांत जमतं. कुठला उतरवायचा हे कळायला मला चार हंगाम लागले.

आमच्याकडे एक जुने गडी होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. ते मला म्हणायचे, "वहिनी, रंग बघू नका. खांदा बघा." हापूस झाडावर पिवळा होण्याची वाट आपण बघत नाही. पाड लागला, म्हणजे पहिले आंबे झाडावरच पिकून खाली पडले, की बाकीचे तयार व्हायला आले असं समजायचं. मोहोर फुलल्यापासून साधारण साडेतीन-चार महिन्यांत आंबा चौदा आणे, म्हणजे उतरवण्याजोगा तयार, होतो. तोपर्यंत त्याचे खांदे भरून देठाच्या वर आलेले असतात, देठ मधल्या खळगीत बसतो, गडद हिरवा रंग जरा उजळतो आणि सालीवरचे ठिपके ठळक दिसायला लागतात. एकाच फांदीवर एक आंबा चौदा आणे आणि शेजारचा दहा आणे असतो, कारण मोहोर एका दमात येत नाही. थंडी पडते, ओसरते, पुन्हा पडते. तसा मोहोरही दोन-तीन टप्प्यांत येतो. त्यामुळे एका झाडाखाली दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा जावं लागतं.

दहा आण्यांचा आंबा आढीत घातला तर तो पिकत नाही, सुकतो. साल मलूल होते, वास येत नाही, कापला तर आंबट निघतो. पिकल्या हापूसच्या सालीवर आलेली बारीक सुरकुती गोडीची खूण असते, पण या आंब्याची सुरकुती वेगळी. तरीही असे आंबे दरवर्षी बाजारात जातात, कारण मार्चमध्ये आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी भाव चढा असतो. आम्हीही ते केलं आहे. एका वर्षी घाईने पेट्या भरल्या, वाशीला धाडल्या. मालाची पट्टी आली तेव्हा हमाली, तोलाई, अडत आणि गाडीभाडं वजा जाऊन हातात जे उरलं, ते पाहून मामंजी बराच वेळ काही बोलले नाहीत. नुकसान पैशाचं होतंच. पण ते कोवळे आंबे कोणाच्या तरी घरी आमच्या बागेचे म्हणून कापले गेले असतील, हे मला जास्त लागलं.

त्यानंतर मुलाने बागेचा एक भाग पाहुण्यांसाठी मोकळा केला. पुण्या-मुंबईची कुटुंबं येतात, स्वतः आंबे उतरवतात, डझनावर पैसे देऊन घेऊन जातात. पहिल्या वर्षी मी धास्तावले होते. आल्या आल्या मुलं खालच्या फांदीला लोंबकळायची, मोठी माणसं मूठभर पानांसकट आंबा ओढायची. आता कोणीही आलं की आधी अर्धा तास मी त्यांना एकाच झाडाखाली उभं करते. झेला कोणाच्याच हाती देत नाही. फक्त बघायला सांगते. "यातला तयार कुठला, ते दाखवा." सगळे आधी सर्वांत मोठा दाखवतात. मग खांदा दाखवला की पुन्हा शोधतात. एकदा दहा-अकरा वर्षांची एक मुलगी दोन तास फिरली आणि सहाच आंबे घेऊन आली. बाकीचे अजून व्हायचेत, म्हणाली. सहाच्या सहा चौदा आणे होते. तिच्या वडिलांची टोपली भरली होती, त्यातले निम्मे मी बाजूला काढले.

वेळही आम्हीच ठरवतो. सकाळी सात ते दहा, नाहीतर उन्हं उतरल्यावर. दुपारी कातळ इतका तापतो की जमिनीवर ठेवलेला आंबा आतून भाजल्यासारखा होतो. हापूसला साक्याचं दुखणं आहेच. बाहेरून देखणा, आत पांढरट, आंबट गर. उष्णतेने ते वाढतं आणि बाहेरून ओळखता येत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना काढला, त्यात साका नाही. आमच्याकडे त्याची चार कलमं आहेत. आंबा चांगला आहे. पण सासूबाई देवापुढे पहिला आंबा ठेवायच्या तो हापूसचाच, आणि मीही तोच ठेवते. साका वाढू नये म्हणून उतरवलेला प्रत्येक आंबा लगेच सावलीत जातो. यात मी कोणाचंही ऐकत नाही, पाहुणा असो की मुलगा.

एकच रुखरुख राहते. पाहुण्यांनी नेलेले आंबे माझ्या आढीत येत नाहीत. ते कोथरूडच्या, डोंबिवलीच्या घरांत पिकतात, आणि देठाखालचा काळा ओघळ तिथे कोणाला दिसला की नाही, हे मला कळत नाही. तेव्हा तुम्ही बागेतून आंबे नेलेत तर एवढं करा. देठ मोडू नका. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवू नका. खोक्यात पेंढा घाला, नसेल तर जुनी वर्तमानपत्रं, आणि आंबे एकमेकांवर रचू नका. रोज एकदा उघडून वास घ्या. आणि एखादा डागी निघाला तर गुपचूप टाकून देऊ नका, आम्हाला कळवा.