पंखे फिरत होते

घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू वाहायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. शिवणयंत्राला वाहिले, स्कूटरला वाहिले. यंदा अक्षय्य तृतीयेला धाकट्या लेकीच्या संगणकाची पाळी होती. तो तिने तयार विकत घेतला नव्हता. शिकवण्यांचे पैसे साठवून, लॅमिंग्टन रोडच्या चार खेपा घालून एकेक भाग आणला होता आणि दोन रात्री जागून स्वतः जुळवला होता. कमी पडले तेवढे मी घातले, पण घालताना ‘तयार का घेत नाहीस?’ हे पालुपद सोडले नव्हते.

भिंतीवरचे बटण माझ्या ताब्यात होते. दाबले. पंखे फिरू लागले, पेटीत निळे-तांबडे दिवे लागले. पडदा मात्र काळाच. अर्धे मिनिट गेले, मी बटण बंद केले आणि म्हणालो, “मी सांगत होतो.”

काही वाक्ये तोंडातून गेली की खोलीतली हवाच बदलते. ती काही बोलली नाही. स्क्रू काढायला बसली.

मग शोध सुरू झाला. मी विजेरी धरून उभा. पडद्याची केबल बोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना? होती. प्रोसेसरला वीज देणारी आठ टाचण्यांची निराळी केबल असते. ती विसरली तरी पंखे ऐटीत फिरतात. तीही जागेवर होती. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत दाबलेल्या. बोर्डावर चार इवले दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क यांचे. जिथे गाडे अडते तिथला दिवा जळत राहतो. आमचा रॅमचा जळत होता. (१९८१ सालचा आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर सारे ठीक असले की एकदा ‘पीं’ करी. पुढे आमच्या बँकेतले संगणकही तसेच करीत. आता पुष्कळशा पेट्यांत तो भोंगाच नसतो. यंत्रे अबोल झाली आहेत, घरातल्या मुलांसारखी.)

एक पट्टी काढून पाहिली, मग दुसरी. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरीही काढून परत बसवली. दर खेपेला बटण मी लावी आणि अर्ध्या मिनिटाने, हताश होऊन, मीच बंद करी. रात्री बारापर्यंत हे चालले. एवढे पैसे पाण्यात गेले, ही हळहळ मला होती. पण तिचा चेहरा पाहिला आणि पैशांचे नाव काढायचा धीर झाला नाही.

सकाळी ती बोर्डाची पुस्तिका घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. “बाबा, बंद कोण करत होतं?”

प्रकार असा होता. या नव्या डीडीआर-५ रॅममधून माहिती इतक्या वेगाने धावते, की कोणता ठोका नेमका कोणत्या क्षणी टिपायचा, हे प्रोसेसरला आणि रॅमला पहिल्या खेपेस आपसात जुळवून घ्यावे लागते. त्याला काही मिनिटे लागतात आणि तोवर पडदा काळा असतो. मध्येच वीज तोडली की सारे पहिल्यापासून. बॅटरी काढली तर आधी जुळलेलेही पुसले जाते. म्हणजे आम्ही रात्रभर दुरुस्ती म्हणून जे जे केले, त्याने खोळंबाच वाढवला होता.

तिने बटण लावले आणि मला दूरच्या खुर्चीवर बसवले. मला वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आठवला. डायलमागचा दिवा लगेच लागे, आवाज मात्र व्हॉल्व्ह तापल्यावरच येई. मी खुंट्या पिरगाळू लागलो की वडील हातावर चापट मारीत. “तापू दे!”

एक मिनिट. दोन. रॅमचा दिवा जळतच होता. तीन. माझे हात शिवशिवू लागले, ते मी मांडीखाली घेतले. तिचे डोळे पडद्यावर आणि नखे दातांत. चौथे मिनिट सरत आले असेल, तोच तो दिवा विझला, शेजारचा क्षणभर चमकला आणि पडद्यावर अक्षरे उमटली.

तिने माझ्याकडे पाहिले नाही. “आई, कुंकू!” म्हणून ओरडली. ही कोयरी घेऊन आली. “काचेला नको, काचेला नको!” अशी लेक विनवीत असताना हिने पेटीच्या कडेला टिळा लावलाच.