झोपाळ्याची फळी

हिनकलच्या त्या घरात झोपाळ्यावर बसायला बंदी झाली, ती गौरी-गणपतीच्या आठवडाभर आधी. म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत राहणारे हे बेळगावचे कुटुंब. येताना सासऱ्यांचा सागवानी झोपाळा ट्रकमधून बरोबर आणलेला. सासरे गेले, पण आईंची दुपार अजून त्याच्यावरच जायची. यंदा पावसाची झड ओसरीत आली आणि उजव्या कडीजवळची फळी बोटाने दाबली तरी आत जाऊ लागली.

मुलाने इपॉक्सी रेझिन आणि त्याचे हार्डनर आणले. घरोघरी माहीत असलेल्या अ‍ॅराल्डाइटच्याच जातकुळीतले हे मिश्रण. पण ते इतके दाट, की ब्रशवरून उतरेना. कुणीतरी दुकानात सांगितले, "थोडं थिनर घाला." त्याने घातले, जरा सढळ हातानेच. लाकूड घटाघटा पिऊ लागले, तसा तो खूश झाला. तिसऱ्या दिवशी फळीवर अंगठा टेकला, तर ठसा उमटला!

चूक तशी समजण्यासारखी होती. पॉलिशवाले लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा थर मागे उरतो. म्हैसूरला तर लाखेची जुनी ओळख. १९३७ साली इथे लाख आणि रंगांचा कारखाना निघाला; १९६२च्या निवडणुकीपासून मतदारांच्या बोटाला लागणारी शाई त्याचीच. इपॉक्सीचे मात्र वेगळे आहे. त्यात रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी जुळून घट्ट होतात, उडून जावे असे त्यात काहीच नसते. घातलेले थिनर वरचा थर धरला की आत कोंडते, आणि निसटलेच तर पाणी शिरायला वाट करून जाते. गूजन ब्रदर्स या अमेरिकेतल्या नावा बांधणाऱ्यांनी हे मोजूनही पाहिले. ५ टक्के लॅकर थिनरने दाटपणा सुमारे ६० टक्के उतरला खरा, पण दाब सोसण्याची ताकदही सुमारे ३५ टक्के घटली.

सूनबाईंचे म्हणणे सोपे होते. "अहो, काकवी घट्ट झाली तर आपण तिच्यात रॉकेल ओततो का? बाटली गरम पाण्यात ठेवतो."

शेवटी जडावाच्या कामात हात बसलेले एक म्हातारे मेस्त्री आले. शिसवी लाकडात हत्ती नि वेली बसवणारी म्हैसूरची ही कारागिरी प्रसिद्धच आहे. त्यांनी पटाशी टोचली आणि मान हलवली. "अम्मा, हा रेनकोट आहे, हाड नाही." कुजके लाकूड रेझिन पाजून वजन पेलेल, ही आशाच चुकीची होती. चिकट थर खरवडून, कुजका भाग पार कापून त्यांनी जुन्या सागाचा तुकडा सांधला. कडीचे भोकही आत, धडधाकट लाकडात घेतले.

मग रेझिनची पाळी आली. बाटल्या झाकण घट्ट लावून कोमट पाण्यात ठेवल्या. माप डब्यावर लिहिलेले तंतोतंत घेतले, कारण हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, बिघडते. गरम केलेले मिश्रण लवकर धरते आणि वाटीत साठून राहिले तर आपोआप तापतेही, म्हणून थोडे थोडेच कालवले. हातात रबरी मोजे होतेच. फळी सकाळभर उन्हात तापवून सावलीत आणली आणि ती निवत असताना ब्रश फिरवला. लाकडातली हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. उलट, थंड फळी नंतर उन्हात नेली असती तर फुगे आले असते. उन्हाने इपॉक्सी पिवळे पडते, म्हणून ते पुरते वाळल्यावर वरून बाहेरच्या कामाचे वार्निश दिले.

गौरी येऊन गेल्या, तेव्हा झोपाळा भिंतीला टेकूनच होता. नंतर एका रविवारी तो टांगला. आधी सिमेंटची दोन पोती ठेवून पाहिली, मग मेस्त्री स्वतः बसले, मग आई. दोन झोके घेऊन त्या थांबल्या.

"कड्यांना तेल घातलंस का रे?"

"हो आई. का?"

"ते करकरणं कुठं गेलं? ह्यांच्या वेळेपासूनचं होतं ते."

मुलगा काहीच बोलला नाही. मेस्त्रींना मराठी येत नसावे, पण ते हसले आणि म्हणाले, दोन महिने थांबा.