बाबा, ही सोव्हिन्यों ब्लाँ!

बाबांसमोर पहिल्यांदा वाइनची बाटली ठेवली, तेव्हा माझे हात चक्क थरथरत होते. आमच्या कोयनानगरच्या घरात ‘पिणं’ हा शब्दही हळूच उच्चारतात. त्यात बाबा मूळचे तासगावचे. त्यांच्या लेखी द्राक्षं एक तर खायची, नाही तर त्यांचा बेदाणा करायचा!

‘सोव्हिन्यों ब्लाँ. जात फ्रान्सची, पण द्राक्षं आपल्या नाशिकची,’ मी धीर केला. ‘सुलाने २००० साली पहिल्या वाइन्स काढल्या, त्यात हीपण होती.’

बाबांनी ग्लास नाकाशी नेला. ‘ओल्या गवताचा वास येतोय. आणि... ढोबळी मिरची?’

मी थक्क! जाणकार हिची हीच ओळख सांगतात. प्रेस पार्ट्यांमध्ये ग्लास मिरवूनही मला ती कधी पटली नव्हती.

मग मीही भाव खाल्ला. कॅबर्ने सोव्हिन्यों ही रेड वाइनची जगप्रसिद्ध जात हिच्या आणि कॅबर्ने फ्राँच्या संकरातून जन्मली, हे १९९७ साली डीएनए तपासणीत कळलं.

‘म्हणजे पोर आईबापांपेक्षा फेमस!’ बाबा हसले. एक घोट घेतला. ‘आंबट आहे. पण पुढच्या वेळी लपवून आणू नकोस.’