हर्राशीचा आवाज

मोठ्या पडद्यावर आमच्या पिशोरच्या मुलीची फिल्म लागली आणि तिच्यातला तिच्या वडिलांचा आवाज कुणीतरी काढून टाकलेला होता. त्या जागी बासरी वाजत होती. याला आता बराच काळ झाला, तरी आठवलं की जीव तळमळतो. ज्यांना सांगतो ते म्हणतात, "सर, एवढं काय त्यात? फिल्म तर दाखवली ना?" एवढं काय त्यात, तेच सांगायचं आहे.

मी एटीडी केलेला माणूस. किलेअर्कच्या शासकीय कला महाविद्यालयात शिकलो आणि कलाशिक्षकाची जागा निघण्याची वाट बघत गावी आलो. जागा कशा निघतात हे ग्रामीण भागातल्या प्रत्येक एटीडीवाल्याला माहीत आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराच्या वर पट असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यावा असं लिहिलंय. शंभराच्या आत पट असलेल्या शाळेतल्या मुलांनी चित्र कुणाकडून शिकायचं, ते लिहिलेलं नाही. तर मी घरीच संध्याकाळचा वर्ग सुरू केला. सुरुवातीला येणारी सगळी मुलं चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांची. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण वाढतात, ब ला 5, क ला 3. पालक त्या गुणांसाठी पाठवायचे आणि मला त्याचा राग यायचा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांच्या पलीकडे मुलाच्या हातात काही आहे की नाही, हे कुणी विचारतच नव्हतं.

म्हणून मोबाइल आणला. खरं तर मुलांनीच आणला. कागदी आकृती कापायच्या, जमिनीवर मांडायच्या, वरून फोटो काढायचा, आकृती गव्हाभर सरकवायची, पुन्हा फोटो. एका सेकंदाला बारा फोटो लागतात. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी 1912 मध्ये हेच केलं होतं. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचं एकेक चित्र टिपलं आणि 'अंकुराची वाढ' नावाची छोटी फिल्म केली. ती बघून पुढच्या चित्रपटासाठी पैसे देणारा माणूस मिळाला. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "सर, त्यांच्याकडं कोणता फोन होता?" त्या प्रश्नावर मी एक अख्खा वर्ग बोललो आणि त्या दिवशी एकही मूल घड्याळाकडे बघत नव्हतं.

अडचणींची यादी करत बसत नाही. फोन बापाचा असतो, तो सकाळी शेतात जातो आणि दिवेलागणीला परत येतो, म्हणून वर्ग संध्याकाळीच. मध्येच कुणाचा फोन आला की हललंच सगळं, म्हणून फ्लाइट मोड. खिडकीतला उजेड बदलला की चित्र लुकलुकतं, म्हणून खिडकी बंद आणि ट्यूबलाइट चालू, आणि बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक. मुलींची आणखी एक अडचण असते. 'असर'च्या 2024 च्या पाहणीत 14 ते 16 वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 36.2 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी 26.9 टक्क्यांकडे. आमच्या वर्गात मला हे आकड्यांशिवायही दिसतं. भाऊ मोठा असो की धाकटा, फोनवर पहिला हक्क त्याचा.

त्या फिल्मची मुलगी तेव्हा सातवीतली. घरची शेती, त्यात मका आणि आद्रक. आद्रकाचे गड्डे नीट बघा, एकाला हात फुटलेले असतात, एकाला शिंगं, एक चालता चालता थांबल्यासारखा वाटतो. तिला हे कुणी दाखवलं नव्हतं. तिनं कागदी आकृती कापल्याच नाहीत. एक दिवस पिशवीभर आद्रक घेऊन आली आणि म्हणाली, "सर, माझी माणसं हीच."

फिल्म चाळीस सेकंदांची. बेण्याचा एक तुकडा मातीत जातो. निळ्या कागदाच्या चिंध्यांचा पाऊस पडतो. गड्डा मोठा होतो, त्याला हातपाय फुटतात, तो गोणीत चढतो आणि मोंढ्यावर येतो. तिथं हर्राशी सुरू होते. मागं कागदावर लिहिलेले भाव एकेक करून खाली उतरतात. आणि शेवटी तो गड्डा मागं वळून बघतो, मग हळूहळू चालत परत मातीत जातो, पुढच्या वर्षीचं बेणं व्हायला.

हर्राशीचा आवाज तिच्या वडिलांचा. ते मोंढ्यावर पुकारा करणाऱ्याची हुबेहूब नक्कल करतात, हे तिला माहीत होतं. पण पोरीच्या खेळात आवाज द्यायला ते तयार होईनात. लाजत होते. शेवटी एका रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बसले आणि सुरू झाले. आकडे चढ्या आवाजात, मग उतरत्या. तो आवाज ऐकून शेजारची दोन माणसं उठून आली. आणि अगदी शेवटी, पुकारा थांबवून, कुणी सांगितलेलं नसताना, त्यांच्या तोंडून आपल्याच आवाजात निघालं, "एवढाच?" पोरीनं रेकॉर्डिंग बंद केलेलं नव्हतं. तिनं तो शब्द ठेवला. नुसता ठेवला नाही, त्या शब्दावर गड्डा मागं वळवला. तो वळण्याचा भाग तिनं पुन्हा पुन्हा काढला, कारण शब्द संपायच्या आत मान वळली तर ती दचकल्यासारखी दिसायची आणि उशिरा वळली तर शब्दाशी संबंध तुटायचा. सातवीतल्या मुलीला हे कुणी शिकवू शकत नाही. मला तरी शिकवता आलं नसतं.

फिल्म आम्ही एका संस्थेकडे पाठवली. नाव घेत नाही. शहरात मोठा कार्यक्रम होता, ग्रामीण भागातल्या मुलांच्या कलाकृती एलईडीच्या पडद्यावर दाखवणार होते. निवड झाल्याचा फोन आला आणि घरात सण झाला. गाडी ठरवली. आई, वडील, आजी, धाकटा भाऊ, मी. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत दोनदा विचारलं, "आवाज नीट येईल ना सर? मोठ्या भोंग्यावर?"

सभागृहात आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग मनोगतं. पाहुण्यांच्या नावांमागच्या एकेक पदव्या वाचल्या गेल्या. मुलं मागच्या रांगांत बसली होती, त्यातली लहान झोपलीसुद्धा. मग दिवे गेले आणि 'ग्रामीण बालकांचा आविष्कार' अशी पाटी आली, खाली मार्गदर्शकांची नावं. पहिल्या दोन फिल्म गेल्या आणि तिसरी आमची. आद्रक दिसलं तशी आजीनं माझा दंड धरला. बासरी वाजत होती. पाऊस पडला, बासरी. गोण भरली, बासरी. मोंढा आला आणि मी वाट बघतोय, आता पुकारा येईल. भाव एकामागून एक खाली पडत होते आणि त्यांच्यावर तीच गोड बासरी. गड्डा मागं वळला, कशासाठी ते कुणालाच कळणार नव्हतं. परत मातीत जायचा भाग तर कापूनच टाकला होता. टाळ्या पडल्या. पुढची फिल्म सुरू झाली. मुलीचं नाव पडद्यावर आलं नाही, गावाचंही आलं नाही.

तिचे वडील माझ्याकडे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, आपली अजून यायचीय ना?"

त्यांना फिल्म होऊन गेल्याचं कळलंच नव्हतं. आपला आवाज आला नाही, म्हणजे आपली फिल्म आलीच नाही, असं त्यांनी धरलं होतं. त्यांना काय सांगावं ते मला सुचेना. मी मान हलवली. ते शेवटच्या फिल्मपर्यंत पडद्याकडे बघत बसले.

कार्यक्रम संपल्यावर मी आयोजकांना गाठलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. म्हणाला, "सर, आवाज जरा रांगडा होता. कार्यक्रमाच्या वातावरणात बसत नव्हता. आणि भाव पडला वगैरे, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही." नावाचं विचारलं तर, "सगळ्या मुलांची नावं घ्यायची म्हटली तर वेळ पुरेल का?" भाषणांना पुरला होता. मी तसं बोललो. पुढे पत्रही लिहिलं, दुसरं लिहिलं, तेव्हा 'सहभाग' असं छापलेलं एक प्रमाणपत्र टपालानं आलं.

मोठ्या माणसाचं चित्र असतं तर हे झालं असतं का? त्याच्या चित्रातला अर्धा भाग कापून, उरलेल्याला दुसरा रंग लावून कुणी भिंतीवर टांगलं असतं का? आणि टांगलं असतं तर तो गप्प बसला नसता. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनं 1979 मध्ये उतरवलं, ते कोर्टात गेले आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 57 मध्ये निर्मात्याचा नावावरचा हक्क आणि कृती विद्रूप न होऊ देण्याचा हक्क, दोन्ही आहेत. तिथं वयाची अट नाही. पण मुलांच्या कलेकडे आपण मांडवातली पताका म्हणून बघतो, शोभेला लागेल तेवढी लावायची. मुलानं काही म्हटलंय, हे डोक्यातच येत नाही.

नावाच्या बाबतीत तर मी फारच पेटलो होतो. आमच्याच कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथं सापडलेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि त्याच्या हातावर कोरलंय की तो कण्हदास नावाच्या सोनारानं घडवला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला आपलं नाव घालता आलं आणि आज माझ्या विद्यार्थिनीला नाही! दुसरं उदाहरणही जवळचंच. 1872 पासून 1885 पर्यंत जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मुलं तिथल्या ग्रिफिथ्स साहेबांबरोबर अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होती. ग्रंथ निघाला तो ग्रिफिथ्सच्या नावानं ओळखला गेला. पेस्तनजी बोमनजींसारखं एखादं नाव सोडलं तर त्या मुलांतलं कोण आपल्याला माहीत आहे? हे सगळं मी पत्रात लिहिलं होतं.

पण मुलीनं नावाबद्दल एक अक्षर काढलं नाही. परतीच्या गाडीत वडील खिडकीबाहेर बघत होते, आजी झोपली होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, ते 'एवढाच' कामून काढलं? आता तो मागं वळून कुणाला बघतो?"

मी नावासाठी भांडत होतो आणि तिला तिची फिल्म मोडल्याचं दुःख होतं. नंतर मी पुष्कळ विचार केला. कण्हदासाचं नाव राहिलं हे खरं, पण अजिंठ्याच्या भिंतींवर ज्यांनी पद्मपाणी रंगवला त्यांची नावं कुठं माहीत आहेत? तरी तो नजर खाली वळवून उभा आहे आणि ती नजर कुणी बदललेली नाही. मग नाव मोठं की कृती शाबूत राहणं मोठं? एक दिवस मला एक वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. बापाच्या जागी मी असतो तर मला नावच हवं असतं. आणि मुलगी म्हणते ते खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

आणखी एक गोष्ट मनात आली, ती मलाच पचायला जड गेली. ज्या ग्रेड परीक्षांवर मी इतकी वर्षं तोंडसुख घेतलं, तिथं मुलाच्या कागदावर बैठक क्रमांक असतो. परीक्षक श्रेणी देतो, कमी देईल, जास्त देईल, पण मुलाच्या चित्रावर दुसरा ब्रश फिरवत नाही. त्याला ते पाहुण्यांना आवडेल असं करावं लागत नाही. वाढीव गुणांवरून पालकांशी वाद घालणं मी आता कमी केलंय. गुण घ्या, पण संध्याकाळी फोन मुलीच्या हातात द्या, एवढंच म्हणतो.

माझ्यासारखे वर्ग घेणाऱ्यांना सांगणं आहे. मुलांची मूळ फाइल स्वतःकडे ठेवा, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली दाबून लहान झालेली प्रत नव्हे. नाव आणि गाव फिल्मच्या आतच, चित्रावरच लिहून घ्या, वेगळी पाटी काढून टाकायला सोपी जाते. आवाज कुणाचा तेही लिहा. आणि बाहेर पाठवताना लेखी विचारा की काही कापणार असाल तर आधी कळवाल का. हो म्हणाले तरी कार्यक्रमाच्या आधी एकदा फोन करा.

मुलीच्या वडिलांनी पुन्हा आवाज दिलेला नाही. "पोरांचं पोरांना करू द्या सर," म्हणतात. मूळ फिल्म मी त्यांना घरी दाखवली, टीव्हीला फोन जोडून, पूर्ण. त्यांनी ती पाहिली, 'एवढाच?' ऐकून हसलेसुद्धा, पण पुकारा करायला बसा म्हटलं की उठून गुरांकडे जातात.

यंदा त्याच संस्थेचं पत्र पुन्हा आलंय, फिल्म पाठवा म्हणून. मला पाठवायची नाही. वर्गात विचारलं तर निम्म्या मुलांना जायचंय, गाडीतून शहरात जायला मिळतं, मोठा पडदा बघायला मिळतो. आणि ती, आता आठवीत गेलेली, म्हणाली, "पाठवा सर. पण फिल्म आवाजासकट लावणार असाल तरच लावा, असं वर लिहून पाठवा." मी म्हटलं, ते ऐकणार नाहीत. तर म्हणाली, "मग मी सुरुवातीलाच बोलते फिल्ममधून, की ही अशीच दाखवा." पत्राचं उत्तर अजून द्यायचं आहे. तिनं सुरुवातीचं ते वाक्य मात्र रेकॉर्ड करून ठेवलंय.