खडूच्या रेघा

बऱ्हाणपूर,
रविवार, दुपार

चि. बबडीस,


परवा फोनवर तू अगदी रडकुंडीला आली होतीस. वीस मिनिटं जीव तोडून सर्व्हरचं दुखणं सांगितलंस आणि साहेबांनी विचारलं काय, तर ‘हे केलं नाही तर काय होईल?’ तुला तो अपमान वाटला. मला विचारशील तर त्या बैठकीतला तोच खरा कामाचा प्रश्न होता. फोनवर असं म्हणालो असतो तर तू फोन आपटला असतास, म्हणून हे पत्र.

मी गिरणीत होतो तेव्हा तू पाळण्यात होतीस. गिरणीचं नाव लिहीत नाही, शेठजींची मुलं अजून भेटतात. आपल्याकडचं ऊन तुला ठाऊक आहे. वैशाखात हवा कोरडी पडली की ताण्याचं सूत चिवटपणा सोडतं, वरची खळ तडकते आणि तार तटकन तुटते. माग थांबतो, विणकर गाठ मारतो, माग पुन्हा सुरू. मागखात्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास दमटपणा हवा, त्यासाठी यंत्र बसवा, असं सांगायला मी तक्ते घेऊन शेठजींपुढे उभा राहिलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘साहब, ये परसेंट-वरसेंट छोड़ो, मीटर बताओ.’

आठ दिवस मी धुमसत होतो. डिप्लोमा माझा, आणि हा माणूस मला मीटर विचारतो! शेवटी मार्ग काढला आमच्या जॉबरने, शिक्षण सातवी. एका दुपारी शेठजी खात्यात आले तेव्हा त्याने त्यांना मागाशेजारी लोखंडी स्टूल दिलं आणि हातात खडू. ‘तार टूटे तो एक लकीर खींचना, शेठजी.’ अर्ध्या तासात फरशीवर रेघांची रांग लागली. शेठजींनी रेघा मोजल्या, गाठ मारायला किती वेळ जातो ते घड्याळात पाहिलं आणि घाम पुसत तोंडीच हिशोब केला, महिन्याला किती मीटर कापड बुडतं त्याचा. तोच हिशोब माझ्या तक्त्यात तिसऱ्या पानावर होता. पण तो मी केलेला होता.

इथेच थांबलो तर मी लबाड ठरेन. कारण इतकं होऊनही शेठजी म्हणाले, ‘दिवाली के बाद.’ मी पुन्हा धुमसलो. मग मुनीमजींनी मला चहा पाजून समजावलं की उन्हाळ्यात गल्ला रिकामा असतो, व्यापाऱ्यांकडची वसुली दिवाळीला येते, आणि तुम्ही मागता वैशाखात! कार्तिकात यंत्र बसलं. इतकी वर्षं नोकरी केली, पण गिरणीत पैसा कोणत्या महिन्यात येतो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मालकाला दमटपणा कळत नाही म्हणून मी हसायचो. माझं अडाणीपण मात्र मला दिसत नव्हतं.

आता आपल्याच गावातलं एक जुनं उदाहरण. लालबागेतला जमिनीखालचा कुंडी भंडारा आठवतो? लिफ्टमधून खाली उतरताना तू माझा सदरा घट्ट धरला होतास. भिंतींवर चुनखडीचा पांढरा थर, पायाशी थंडगार पाणी. 1615 च्या सुमाराचं ते काम. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालीच गाठलं आणि नुसत्या उतारावर शहरात आणलं. ना मोट, ना पंप. वर शंभरावर कुंड्या, वाकून पाहिलं की खाली पाणी वाहताना दिसायचं. हे काम करवून घेणारा सुभेदार म्हणजे अब्दुर रहीम खानखाना, दोह्यांचा रहीम.

आता बघ, तापी उशाशी वाहते आहे आणि एक परका माणूस सांगतो, नदी सोडा, जमिनीखाली खणा. कोणता सुभेदार ऐकेल? माझा तर्क असा की रहीमनेही तुझ्या साहेबांचाच प्रश्न विचारला असणार, नाही खणलं तर काय? आणि उत्तर फौजेतल्या माणसाला पटेल असं मिळालं असणार, शत्रूने नदीत विष कालवलं तर? शिवाय या रहीमने 1589 मध्ये बाबरनामा तुर्कीतून फारसीत आणला होता. दोन भाषांमध्ये वावरलेल्या माणसाला ‘म्हणजे काय?’ असं विचारायची लाज वाटत नसावी. हाही माझा तर्कच.

हल्ली सगळे तुम्हा पोरांनाच बोलायला शिका म्हणून सांगतात. ते मला अर्धंच पटतं. शेठजी त्या उकाड्यात स्टुलावर बसले, हेही तितकंच खरं. तुझे साहेब बसतील का, ते तुलाच ठाऊक. पण सर्व्हर मागच्या वेळी बंद पडला तेव्हा किती गिऱ्हाइकांचे फोन आले, ते कुणी लिहून ठेवलंय का? आणि तुमच्याकडे पैशांचा हिशोब कोणत्या महिन्यात ठरतो?

आपली मिठाई, दराबा, पाठवतो आहे. साहेबांना देऊ नकोस, लाच वाटेल. मुनीमजींच्या जागी तुमच्याकडे जे कोणी असतील, त्यांना मात्र जरूर दे.

तुझा,
मामा