तिरफळाची जपानी बहीण

'बटाटा' हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. हिंदी मुलखात त्याला आलू म्हणतात. पण मराठी माणूस बटाटा म्हणतो आणि आमच्या शेजारचा गुजराती माणूस बटाका किंवा बटाटा म्हणतो. वडोदऱ्यासारख्या गावात, जिथे एकाच ओट्यावर दोन भाषा बसतात, तिथे भाजीवाल्याशी बोलताना निदान या एका जिनसापुरता तरी दुभाष्या लागत नाही. दर्यावर्दी पोर्तुगीज १५४३ साली जपानला पोहोचले. जपानी लोक ज्याला 'तेंपुरा' म्हणतात, ती पिठात बुडवून तळण्याची रीत तिथे त्यांच्याच संगतीने रुजली. बटाटा मात्र जपानात डच व्यापाऱ्यांनी जाकार्ताहून नेला, म्हणून जपानी भाषेत त्याचे नाव 'जागाइमो', म्हणजे जाकार्ताचा कंद असे पडले. तेव्हा जपानी चवीचे बटाट्याचे तळण वाडीतल्या एका मराठी स्वयंपाकघरात झाले, यात नवल वाटण्यासारखे फारसे काही नाही. या पदार्थांचे पाय मुळातच एका जागी ठरलेले नव्हते.

सीमेवरच्या वाचकांना आमची वाडी ठाऊक असण्याचे कारण नाही. मांडवीपासून चालत जाण्याच्या अंतरावरचा हा वडोदऱ्याचा जुना भाग. गायकवाडी अमलात कोकणातून, देशावरून आलेली कितीतरी घराणी या भागात स्थिरावली. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे झाले. महाराज स्वतः १९१० साली जपान पाहून आले. आज त्या घराण्यांची नातवंडे घरात मराठी, दारात गुजराती आणि कचेरीत इंग्रजी बोलतात. मी स्वतः मराठी घेऊन एम. ए. झालो आणि नोकरीभर गुजराती माध्यमाच्या शाळेत शिकवत आलो. गावातल्या मराठी शाळांचे वर्ग माझ्या डोळ्यांदेखत ओसरले. माझी मुलगीही गुजराती माध्यमात शिकली. तिला मराठी बोलता येते, वाचताही येते. लिहिताना मात्र हात अडखळतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझा पुतण्या जपानहून परतला. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे काम आमच्या जिल्ह्यातून चालले आहे. त्या निमित्ताने जपान्यांचे येणेजाणे आणि आमच्या मुलांचे तिकडे जाणे आता अप्रूपाचे राहिलेले नाही. त्याने येताना बोटभर उंचीची एक बाटली आणली. आत तांबूस, काळसर, हिरवट अशी भरड पूड होती. त्याने सांगितले, "काका, तिकडे तळलेले बटाटे कागदी पिशवीत घालतात, वरून मसाला टाकतात आणि पिशवी खळखळून हलवतात." कन्येने लगेच जाहीर केले की या दिवाळीत चकली-कडबोळ्यांच्या जोडीला हेही झालेच पाहिजे.

बाटलीवरचे नाव 'शिचिमी तोगाराशी'. शिचिमी म्हणजे सात चवी आणि तोगाराशी म्हणजे मिरची. सन १६२५ च्या सुमारास एडो शहरात, म्हणजे आजच्या तोकियोत, औषधे विकणाऱ्यांच्या वस्तीत हे मिश्रण प्रथम विकले जाऊ लागले, असे सांगतात. मिरची, तीळ, संत्र्याची सुकी साल, आले, खसखस किंवा भांगेचे बी, समुद्रातले शेवाळ आणि 'सान्शो' नावाचे एक फळ, असे त्यात साधारणपणे असते.

बाटली प्रथम आईच्या हाती गेली. तिचे वय चौऱ्याऐंशी. माहेर मालवणकडचे. नजर अधू झाली आहे, पण नाक शाबूत आहे. तिने झाकण काढून वास घेतला आणि विचारले, "यात तिरफळ कुणी घातलं?"

पुतण्या हसला. मी मात्र पुस्तक काढून पाहिले, आणि आईचे नाक वनस्पतिशास्त्राला धरूनच बोलले होते! जपान्यांचा सान्शो आणि आपले कोकणातले तिरफळ ही एकाच कुळीतली, 'झँथोझायलम' या एकाच प्रजातीतली भावंडे. दोघांच्याही सालीतच सगळा गुण. आतले काळे बी टाकून द्यायचे. दोघांनीही जिभेला तशाच मुंग्या येतात. जे तिरफळ आईच्या माहेरी बांगड्याच्या आमटीत पडे, त्याची बहीण हजारो मैलांवर सात चवींच्या बाटलीत नांदत होती.

आईची दुसरी शंका शेवाळाची होती. "समुद्रातलं म्हणजे मासळी की पालेभाजी?" आमच्या घरी दिवाळीत सामिष वर्ज्य असते, त्यामुळे प्रश्न वाजवी होता. मी म्हटले, "आई, तू आम्हाला चायना ग्रासचं पुडिंग करून घालायचीस ना? तेही समुद्रातल्या शेवाळाचंच." त्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग चालेल." जाता जाता सांगायचे म्हणजे, भातावर भुरभुरवायच्या काही जपानी मसाल्यांत सुक्या माशाचा कीस असतो, शाकाहारी घरांनी बाटलीवरचे घटक वाचूनच घ्यावेत.

आता बटाट्याकडे वळतो, कारण कुरकुरीतपणाची खरी मेख तिथेच आहे. गुजरातेत बटाट्याचे पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. दिवाळीला बाजारात येतो तो मुख्यतः शीतगृहातला. थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते, आणि तळताना ती साखर करपून काप तांबडे-काळे पडतात. आतून कच्चे, बाहेरून काळे अशी तक्रार दिवाळीत घरोघरी ऐकू येते. त्यात सुगरणीचा दोष नसतो. यावर उपाय म्हणजे बटाटे आणून दोन-तीन आठवडे घरात कोरड्या, अंधाऱ्या जागी टोपलीत पसरून ठेवावेत. साखर बरीचशी कमी होते. शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली 'कुफरी चिप्सोना' ही खास तळणीची जात दिली. ती मिळाली तर उत्तमच. आम्ही खंडेराव मार्केटातून साधेच, पण मोठे आणि टणक पाहून आणले.

एक किलो बटाटे सोलून बोटाएवढे जाड-लांब काप करावेत. पाणी नितळ येईपर्यंत धुवावेत आणि अर्धा तास थंड पाण्यात ठेवावेत, म्हणजे वरचे पिष्ट निघून जाते. मग पाण्यात एका लिंबाचा रस आणि मीठ घालून त्यात हे काप सात-आठ मिनिटे उकळावेत. आंबटपणामुळे काप शिजूनही मोडत नाहीत. चाळणीत निथळून स्वच्छ पंचावर पसरून पूर्ण कोरडे करावेत. इथे घाई केली तर पुढे काही साधत नाही. पहिला घाणा मध्यम आचेवर, चार-पाच मिनिटांचा. रंग येऊ द्यायचा नाही. अर्धा तास निववून दुसरा घाणा कडकडीत तेलात दोन-तीन मिनिटे, सोनेरी होईपर्यंत. पहिल्याने आतला ओलावा कमी होतो आणि वर पातळ कवच धरते, दुसऱ्याने ते कवच खुटखुटीत होते. आमच्या गावचा लीला चिवडा खाऊन वाढलेल्यांना तळलेल्या बटाट्याची पारख उपजतच असते. आमच्या शेजारणीने पहिला तुकडा मोडून आवाज ऐकला आणि मगच तोंडात टाकला.

पुतण्याची बाटली पहिल्या ताटालाच संपली. मग आईने आपला डबा काढायला लावला. तिरफळे होती, तीळ-खसखस होती, सुंठ होती, उन्हात वाळवलेली संत्र्याची साल होती. शेवाळाचा कागद पुतण्यानेच मोठ्या दुकानातून आणून दिला. आई सांगू लागली: तीळ असे भाजायचे, तिरफळ नुसते गरम करायचे, खसखस शेवटी. प्रमाण विचारले की ती हात पुढे करी: "एवढं." मेतकुटाचेही तिचे असेच. हरभरा डाळ, उडीद, तांदूळ, गहू, धणे, जिरे, मेथी, हिंग, सगळे तिच्या मुठीत मोजलेले. ती मूठ आमच्यापैकी कुणाजवळ नाही.

तेव्हा कन्येने एक काम केले. आईने "एवढं" म्हणून हात पुढे केला की ती ते वाटीत ओतून घेई, चमच्याने मोजी आणि वहीत टिपून ठेवी. तीळ दोन चमचे, तिखट एक, खसखस एक, सालीची पूड अर्धा, सुंठ अर्धा, बी काढलेल्या तिरफळाची पूड पाव, शेवाळाचा एक कागद कोरडा भाजून चुरून. मीठ बारीक वाटून वेगळे. मसाला तेलात कधीच घालायचा नाही, तीळ जळतात. काप गरम असतानाच पिशवीत घालून हलवायचे. याच ओघात तिने आईकडून मेतकूटही मोजून घेतले, आणि मग तिळाची चटणी, आणि गोडा मसाला. दोन दुपारी गेल्या.

ती वही मी पाहिली. शब्द सारे मराठी: 'पाव चमचा', 'खमंग भाजून', 'आजी म्हणते घाई नको'. अक्षरे मात्र गुजराती! शिरोरेषेवाचून लिहिलेली मराठी. मराठीच्या मास्तराला काय वाटले असेल, याची कल्पना तुमच्यापैकी ज्यांची मुले मराठी बोलतात आणि कन्नडमध्ये किंवा तेलुगूत लिहितात, त्यांना नेमकी येईल. लाल पेन खिशात होते. पण आमच्या आजोबांची जमाखर्चाची वही मोडीत आहे, आणि ती वाचणारे आज घरात कोणी नाही. म्हणून ती मराठी नव्हती, असे मी कधी म्हटलेले नाही. अक्षर कोणते यापेक्षा आईची मूठ कागदावर उतरली, हे मला त्या घटकेला मोठे वाटले.

मात्र तेवढ्यावर समाधान मानून भागणार नाही, हेही मला कळते. अक्षरे ओळखणारे राहिले नाहीत की वही नुसती रद्दी होते, हे आजोबांच्या वहीने शिकवले आहे. त्यामुळे आम्ही बापलेकींनी ठरवले आहे की रविवारी तासभर बसून ती सगळी टिपणे देवनागरीत उतरवायची. ती वाचते, मी ऐकतो, लिहिते तीच. आतापर्यंत मेतकूट झाले, चटणी झाली. 'तिरफळ' लिहिताना तिने सवयीने शिरोरेषा वगळली, आणि मग सावकाश हात फिरवून ती स्वतःच ओढली. गोडा मसाला अजून बाकी आहे, आणि त्यातले दगडफूल किती, ते आईला पुन्हा विचारायचे आहे.